रिकाम्या घरातून दिलेली ओ

"त्याला माझा आवाज ओळखू आला असेल का?"

मी विचारलं तेव्हा बुवा झोळीची गाठ सोडत होते. भिक्षेतले भाकरीचे तुकडे त्यांनी एकेक करून फडक्यावर मांडले. शिळे एकीकडे, ताजे एकीकडे. मग एक ताजा तुकडा माझ्यापुढं सरकवला.

मी खाल्ला नाही.

"बुवा, मी काय विचारतोय?"

"ऐकलं."



हा प्रश्न मी त्याआधी पुष्कळांना विचारला होता. सरळ नाही, आडून. गवंड्याला विचारलं, छप्पर नसलेल्या घरात माणसाचा आवाज बदलतो का? तो म्हणाला, घर काढलंस काय बांधायला? कानाच्या डॉक्टरला विचारलं, सख्ख्या भावाचा आवाज किती लांबून ओळखू येतो? त्यानं कानात बत्ती मारली आणि मळ काढून दिला. एका मित्राला भिंतीआड उभं करून आवाज बदलून बोलायला लावलं. तो मला लगेच ओळखू आला. पण तो बोलता बोलता हसला होता. मी त्या दिवशी हसलो नव्हतो.

सरळ विचारायचं तर काय झालं ते आधी सांगावं लागलं असतं. ते मी पहिल्यांदा बुवांनाच सांगितलं.

माझा मोठा भाऊ जोतिराम फोटोग्राफर होता. तालुक्याला त्याचा एक गाळा होता. त्यात निळा पडदा आणि दोन दिवे. लग्नं, बारशी, शाळेतले ग्रुप फोटो अशी कामं असायची. आठवीत मी शाळा सोडली आणि त्याच्या मागं लागलो. माझं काम माणसं हसवायचं. मला आवाज काढता येतात. नवऱ्या मुलाच्या मामाचा, भटजीचा, कुणाचाही. मांडवात मी मामाच्या आवाजात जेवणाची पंगत उठवायचो, माणसं पोट धरून हसायची, आणि दादा बटण दाबायचा.

"बंडा नसता तर माझ्या फोटोत सगळी मयताला आल्यासारखी दिसली असती," असं तो सगळ्यांना सांगायचा.

पाच वर्षांमागं आमच्या वरच्या डोंगराला भेग पडली. सरकारनं वरच्या चार वस्त्या खाली माळावर आणून बसवल्या. माणसं उतरली ती कौलं, वासे, दारं, जनावरं घेऊन. भिंती वरच राहिल्या. तिकडं घरं एकाला एक लागून नव्हतीच. ज्याच्या त्याच्या शेतात, एकेकटी.

खाली आलेल्यांना आपल्या घराचा फोटो हवा असायचा. पत्र्याच्या खोलीत देवाशेजारी लावायला. दादा तो काढून द्यायचा.

त्यासाठी तो फाल्गुन-चैत्रातच वर जायचा. पावसाळ्यात गवत छातीला लागतं. दिवाळीपर्यंत वेलींनी भिंती झाकलेल्या असतात. चैत्रात सगळं वाळून खाली बसतं आणि घर उघडं पडतं. तेव्हाच पांगारा लाल होतो, करंजाला पोपटी पालवी येते. कुठं चुलीच्या जागी कोय रुजून आंब्याचं रोप वर आलेलं असतं. दादा म्हणायचा, घर मेलंय हे पावसाळ्यात कळत नाही, वसंतात कळतं.

कॅमेरा धरायला त्याला कोल्हापुरातल्या एका म्हाताऱ्या स्टुडिओवाल्यानं शिकवलं. घरांचे फोटो काढायला शिकवलं ते हरनाथबुवांनी. त्यांनी जन्मात कॅमेरा हातात धरलेला नाही.

बुवा नाथपंथी गोसावी. कानात शिंगाची कुंडलं, खांद्याला झोळी. खिंडीतल्या भैरोबाच्या देवळामागं एका खोलीत राहतात. आठवड्यातून एकदा भिक्षेला खाली उतरतात. उतरताना वाटेवरच्या रिकाम्या घरांपुढंही थांबतात. 'अलख' म्हणतात आणि गाईची धार काढायला लागते तेवढा वेळ उभे राहतात. मग पुढचं घर. खालची माणसं चेष्टेनं म्हणतात, बुवाला वर भुतं तूप वाढतात, नाहीतर या वयात एवढी चढण कोण चढेल?

दादानं एकदा त्यांना त्याचे फोटो दाखवले. घरांचे फोटो असे मढ्यासारखे का येतात, म्हणून विचारलं.

बुवांनी सगळे बघितले आणि म्हणाले, "हाक देतोस का?"

त्या दिवसापासून दादा अंगणात उभा राहून हाक द्यायचा. "हाय का कुणी घरात?" मग गप्प उभा राहायचा. मग एकच फोटो, समोरून, माणसाचा काढतात तसा. आत मात्र कधी जायचा नाही. वरचं छप्पर गेलेलं, मातीची भिंत चार-पाच पावसाळे भिजलेली. ती चैत्रात वाळली की आतून तडकते. नुसत्या धक्क्याला खाली येते. हे त्यालाही माहीत होतं, मलाही.

मला या कामाचा कंटाळा यायचा. तिथं हसवायला कुणी नसायचं.

बोरग्यांच्या घराला आम्ही गेलो तेव्हा अकरा वाजले असतील. बोरग्यांचं दार चौकटीत रुतून बसलं होतं, म्हणून ते खाली नेता आलं नव्हतं. त्यांचा म्हातारा खाली माळावर रमत नव्हता. घरच्यांची नजर चुकवून दोनदा तो वर पळून आला होता आणि दोन्ही वेळा दादानंच त्याला गाडीवर बसवून खाली आणला होता.

मी घराच्या मागं लघवीला गेलो होतो. पुढून दादाची हाक आली.

"हाय का कुणी घरात?"

मी म्हाताऱ्याचा आवाज काढला. आधी त्याचा खोकला. मग म्हणालो, "हाय की. ये आत."

पुढं जरा वेळ काहीच नाही...

मग दाराला खांदा दिल्याचा आवाज. एकदा. दोनदा.

मग भिंत.

मी हातांनी माती उपसली. नखं निघाली. दादाच्या तोंडावरून काही कळेना. डोळे, तोंड मातीनं भरलं होतं. तो हसत आत गेला असेल तर मला ओळखून, माझा कान पिळायला गेला. हसत नसेल तर म्हाताऱ्याला बाहेर काढायला गेला. यातलं कुठलं झालेलं बरं, तेही मला ठरवता येत नाही.

पोलिसांनी लिहिलं, फोटो काढण्याच्या नादात आत शिरला. मला विचारलं. मी मान हलवली.

आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो काढले, पण भिंतीवर लावायला त्याचा फोटो निघेना. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला.

शालनवहिनी भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला तेच विचारायच्या. "आत कशाला गेले? कुणी बोलवलं होतं का त्यांना?" बायका पदर डोळ्याला लावायच्या. मी तिथंच कोपऱ्यात गुडघ्यात मान घालून बसलेला असायचो.

वहिनींना दादाचा राग आला होता. तो माझ्या वाट्याचा राग होता. वीस दिवस मी तो दादाला खाऊ दिला. एकविसाव्या दिवशी दादाचा कॅमेरा गळ्यात अडकवला आणि खिंड चढलो.

बुवांशी भांडायचं, असं वाटेतच ठरलं होतं.

"तुम्हीच शिकवलं त्याला," मी म्हणालो. "त्यानं हाक दिली नसती तर मी ओ दिली नसती."

"व्हय," बुवा म्हणाले.

मी थांबलो. एवढी चढण चढताना ज्या शिव्या गोळा केल्या होत्या त्या सगळ्या त्या एका शब्दापुढं खाली पडल्या. मग मी सांगून टाकलं की बोरग्यांच्या घराचा फोटो राहिलाय. म्हातारा दिवसकार्याला आला होता. पानावर बसला आणि सगळ्यांसमोर विचारलं, माझ्या घराचा फोटो निघाला का? त्याच्या सुनेनं त्याला हाताला धरून उठवलं. मी म्हणालो, तो फोटो आज काढतो, म्हाताऱ्याला देतो, कॅमेरा दरीत टाकतो आणि मोकळा होतो.

बुवांनी राहिलेले तुकडे परत झोळीत भरले. काठी घेतली.

"चल."

पहिलं घर लागलं. बुवा अंगणाच्या कडेला उभे राहिले. "अलख."

मी तोवर चार फोटो काढले. बुवा उभेच. वर बुलबुल ओरडत होते, खिडकीच्या भोकातून पिंपळाचं रोप बाहेर आलं होतं. तांबूस, मऊ पानं. मला त्या पानांचा राग आला. मी पुढं होऊन ते उपटलं.

 धार काढायचा वेळ भरला आणि बुवा चालायला लागले.

दुसऱ्या घरापुढंही तेच. माझा धीर सुटला. मी म्हणालो, "बुवा, आज काय वाढतील? पीठ का ज्वारी?"

"बघू."

मी कॅमेऱ्यातले फोटो बघितले. भिंत होती, भोक होतं, दगड होते. सगळं नीट उमटलं होतं. दादाचे असे यायचे नाहीत. त्याचा फोटो बघताना वाटायचं, आत्ता कुणीतरी हात पुसत बाहेर येईल.

मी कॅमेरा बुवांपुढं धरला. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हाक दिली न्हाईस."

"हाक द्यायला तोंड राहिलंय का मला?"

पुढं ओढा लागला. ओढ्याला पाणी नव्हतं. काठाला करवंदीला फुलं आली होती आणि सगळीकडं त्यांचा गोड वास होता. हा वास त्या दिवशीही होता. मी नाक दाबून धरलं. बुवा दगडावरून दगडावर काठी टेकत पार गेले. मी मागं राहिलो होतो. त्यांनी वळून बघितलं नाही, पण थांबले.

बोरग्यांचं घर तसंच होतं. दाराच्या वरची भिंत पडली होती. तिच्या मातीचा ढीग लोकांनी दादाला काढताना बाजूला सारला होता. दार आडवं पडलं होतं. उंबरा मोकळा झाला होता. डावीकडची भिंत अजून उभी होती, वरपासून खालपर्यंत तडकलेली, हात आत जाईल एवढी. ढिगावर कुणीतरी वाहिलेली झेंडूची फुलं वाळून काळी पडली होती.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. बोट दाबलं जाईना.

बुवा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

मग ते म्हणाले, "मागं जा."

"कशाला?"

"मी हाक देतो. तू त्या दिवशी दिलीस तशी ओ दे."

मला वाटलं बुवांचं डोकं फिरलं. मी नाही म्हणालो. तोंडाला येईल ते बोललो. तुम्हाला पोटचं कुणी नाही म्हणून असली थेरं सुचतात, असंही बोललो. ते ऐकून घेत होते. माझं बोलून संपलं तरी त्यांची काठी मागच्या बाजूलाच दाखवत होती.

रागानंच गेलो. ज्या जागी त्या दिवशी उभा होतो तिथंच जाऊन उभा राहिलो. आता मागच्या भिंतीलाही भगदाड पडलं होतं. त्यातून पुढचा उंबरा दिसत होता, पलीकडचं अंगण दिसत होतं. त्या दिवशी यातलं काही दिसत नव्हतं.

पुढून हाक आली. 'अलख' नाही. बुवांनी दादाचेच शब्द घेतले.

"हाय का कुणी घरात?"

वाटलं, आवाज निघणारच नाही. निघू नये, असंही वाटलं. पण खोकला आला तो म्हाताऱ्याचाच आला. आणि मागोमाग शब्द आले. "हाय की. ये आत."

हुबेहूब. मांडवात निघाला असता तर शंभर माणसं हसली असती.

अंगणात काठी वाजली. बुवा उंबऱ्याकडं यायला लागले. मला वाटलं, उंबऱ्याशी थांबतील. ते थांबले नाहीत. त्यांनी झोळी सावरली, डावा हात तडकलेल्या भिंतीवर टेकला आणि उजवा पाय उचलला. भिंतीतून माती गळायला लागली. बारीक, पीठ चाळल्यासारखी.

"बुवा!"

मी कसा धावलो मला माहीत नाही. भगदाडातून आत शिरलो असेन, कारण नंतर बघितलं तर दंड सोलला होता. मी त्यांना छातीशी धरून ढकलत अंगणात आणलं. आम्ही दोघं पडलो. त्यांची झोळी उसवली, तुकडे मातीत सांडले.

"मी हाय बुवा," मी म्हणत होतो. "बंडा हाय. आत कुणी न्हाई. नका जाऊ. मी हाय ओ. मीच बोलवलं."

किती वेळ तेच म्हणत होतो कुणास ठाऊक. मी रडत होतो, आणि त्या रडण्यातच मागं भिंत खाली बसली. धुरळा आमच्यावर आला.

बुवा उठून बसले. धुरळा खाली बसला. मग एकेक तुकडा उचलून, फुंकून झोळीत टाकायला लागले.

"हा तुझा आवाज," ते म्हणाले.

मी तोंड पुसलं.

"हा घरात ऐकवलास का?"

मी बोरग्यांच्या घराचा फोटो काढला नाही. काढायला आता घरच राहिलं नव्हतं.

घरी गेलो तेव्हा दुपार होती. वहिनी दारात बसून गौरीची वेणी घालत होत्या. गौरी दादाची पोर, चार वर्षांची. मी उंबऱ्याबाहेरच बसलो आणि सगळं सांगितलं. कुठं उभा होतो, कुणाचा आवाज काढला, काय म्हणालो. पोलिसांपुढं मान हलवली तेही.

वहिनींचा हात थांबला नाही. त्यांनी वेणीचे तीन पेड शेवटपर्यंत नेले. फीत बांधली. गौरीला आत पाठवलं.

मग विचारलं, "ते हसत होते का?"

मी म्हणालो, "मी मागं होतो, वहिनी. मला दिसलं न्हाई."

मी शिव्यांची वाट बघत होतो. पायताणाची बघत होतो. काहीच आलं नाही. त्या उठल्या आणि आतून म्हणाल्या, "उद्या आम्हाला माहेरी पोहोचव."

दुसऱ्या दिवशी मित्राचा टेम्पो आणला. ट्रंक चढवली, शिलाई मशीन चढवलं, गौरीची तीन चाकांची सायकल चढवली. दादाचा फोटो वहिनींनी मांडीवर घेतला. तो हलू नये म्हणून मी खड्डे चुकवत चालवत होतो. चाळीस किलोमीटरच्या वाटेत त्या बोलल्या नाहीत. गौरीनं मला मामाचा आवाज काढायला सांगितला. मी म्हणालो, घसा बसलाय बाळा.

त्यांचं माहेर मळ्यात आहे. घराला चुना दिलेला, अंगणात गाय. मी सगळं सामान ओसरीवर नेऊन ठेवलं. मशीन जड होतं, तरी एकट्यानं उचललं. वहिनींचा भाऊ मदतीला आला होता. मी त्याला हात लावू दिला नाही. शेवटी टेम्पोतून सायकल काढली, तिचं चाक सरळ केलं आणि ट्रंकेला टेकवून उभी केली.

वहिनी गौरीला घेऊन आत गेल्या. त्यांच्यामागं दार लोटलं गेलं.

मी ओसरीच्या पायरीखाली उभा राहिलो. मग माझ्याच आवाजात हाक दिली. "वहिनी, मी बंडा. निघतो."

आतून कुणी ओ दिली नाही. तरी उभा राहिलो. गायीनं दोनदा मान हलवली. मग टेम्पो वळवला.

हे सगळं मी बुवांना येऊन सांगितलं. ते उसवलेल्या झोळीला टाके घालत बसले होते. मी म्हणालो, "संपलं बुवा. त्यांच्यासाठी करायसारखं तेवढंच होतं. माझ्या तोंडावर दार लागलं."

बुवांनी दोरा दातानं तोडला.

"कडीचा आवाज आला का रे?"